जनरलसाहेबांच्या तोंडावर बसण्याबाबत

"मासाउको, कितीही मोठा हो, पण एक दिवस माझ्याशेजारी चटईवर बसून जेव," आईने बजावलं होतं. "बसेन, माय," असा शब्द देऊन तो सैन्यात गेला. त्याला चाळीस वर्षं झाली.

बसायला सवडच मिळाली नाही. लेफ्टनंट असताना भर दुपारी बंड झालं. सगळे अधिकारी कुंपणावरून पळाले. मासाउको मैदानात ताठ उभा, कारण 'विश्राम' म्हणणारा आधीच पळाला होता. बंडखोरांना वाटलं, हा आपल्या स्वागताला उभा आहे. तिसऱ्या दिवशी बंड मोडलं. सरकारला वाटलं, हा एकटाच लढायला उभा होता. दोघांनीही बढती दिली. पुढे जनरल झाल्यावर त्यांनी नियमच केला: आपल्यापुढे कोणी बसू नये.

निवृत्तीला रिवाजाप्रमाणे त्यांचा चेहरा छापलेली चितेंजे, म्हणजे नेसायची रंगीत कापडं, गावात वाटली गेली. बायकांनी ती कमरेला गुंडाळली, नाचल्या, आणि दमून खाली बसल्या.

शिष्टाचार अधिकारी कर्नल म्बेवे धावत आले. "उठा, उठा! साहेबांच्या तोंडावर बसलाय तुम्ही!"

"मग तोंड पुढं घेऊ?" एकीने कापड फिरवत विचारलं.

"मांडीवर? साहेबांचं लग्न झालंय, बाई!"

तत्काळ परिपत्रक निघालं: सदर वस्त्र परिधान केलेल्या व्यक्तीने आसनस्थ होऊ नये, वस्त्र सोडणे हाही अवमान समजला जाईल. वाकण्याबाबत समिती नेमली गेली. बायका उन्हात उभ्या राहिल्या. त्यांना बघून पाहुणे उभे राहिले.

साहेबांची चौऱ्याऐंशी वर्षांची आई तेवढी तेच कापड नेसून चटईवर बसली होती आणि मक्याची न्सीमा नि मासे वाढत होती.

"आजी, परवानगी घेतलीत?" कर्नल कुजबुजले.

"ज्याचं बूड मी धुतलं, त्याच्या तोंडावर बसायला परवानगी कसली रे?"

कर्नल घामाघूम होऊन जनरलसाहेबांकडे आले. "साहेब, मातोश्री आपल्यावर बसल्यात. नियम आपलाच. काय हुकूम?"

हुकुमाआधी पलीकडून आईची हाक आली, "मासाउको, मासे गार होतायत! तुझ्या ढुंगणावर तर काही छापलेलं नाही ना?"

कुणी हसलं नाही. सगळे एकमेकांकडे बघत उभे. पाहुण्यांच्या अंगावर ते कापड नव्हतं, त्यांना कुणी अडवलंही नव्हतं. पण पहिलं बसायचं कुणी? तुम्ही बसला असता?

जनरलसाहेबांनी बूट काढले, आणि कुणाला काही न सांगता अनवाणी चटईकडे निघाले.