हाक नावाचा रकाना

दोन फाइली एक करणं म्हणजे अर्ध्या तासाचा खेळ, असं मुद्रितशोधकाने ताईला फोनवर ठणकावून सांगितलं. उभी हयात छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका काढण्यात गेलेला माणूस. निवृत्त झाला तरी औषधाच्या बाटलीवरचं लेबल आधी शुद्धलेखनासाठी वाचायचा, मग औषधासाठी. आपल्या नजरेतून सुटणारी चूक अजून जन्माला यायची आहे, असं त्याचं प्रामाणिक मत होतं.

काम ताईचं होतं, म्हणून नाही म्हणायची सोय नव्हती. आई गेल्यावर तिनेच दोघा भावांना वाढवलं, आणि आता तिची नजर अधू होत चालली होती. आईकडच्या माणसांची वंशावळ थोरल्याने, म्हणजे दादाने, आपल्या संगणकावर केली होती. वडिलांकडची मुद्रितशोधकाने केली होती. तिघं भावंडं अर्थातच दोन्हीकडे होती. दोघांचे प्रोग्रॅम मात्र वेगळे, कारण विचारविनिमय करून एकच घ्यायचा तर एकमेकांशी बोलावं लागलं असतं.

"दिसतंय तोवर सगळी माणसं एका कागदावर बघू दे," ताई म्हणाली होती. "आणि तुम्हा दोघांना एका टेबलाशी. रविवारी या."

अबोल्याचं कारण होतं पुतणीची लग्नपत्रिका. दादाने ती मोठ्या हौसेने पाठवली आणि मुद्रितशोधकाने तिच्यातल्या चुकांभोवती लाल गोल काढून, समासात दुरुस्त्या लिहून, ती उलट टपाली परत धाडली. त्याला वाटलं, आपण मदत केली. पुतणी आता दोन मुलांची आई झाली होती, पण दादाने अजून त्याच्याशी अवाक्षर काढलं नव्हतं. मुद्रितशोधकही हटून बसला होता, कारण चुका होत्याच. तरी जेवताना दादाची आठवण यायची, हेही तितकंच खरं.

दादाची फाइल आली. सोबत एक शब्द नाही. उघडून पाहतो तर पणजोबांपासून सगळी माणसं चौकोन झालेली. नावाच्या जागी चौकोन, आडनावाच्या जागी चौकोन. सूड घ्यायचीही एक रीत असते, असं पुटपुटत त्याने ताईला फोन लावला. ताईने दादाला लावला. मग ताईचा उलटा फोन आला.

"तो म्हणतोय, आता युनियनमध्ये पाठवतो."

हे मुद्रितशोधकाला फार लागलं. छापखान्याच्या संपात तो सामील झाला नव्हता, आणि तेव्हा दादाने त्याला चारचौघांत सुनावलं होतं. इतक्या वर्षांनी तीच खपली काढायची? तो दोन दिवस तोंड फुगवून बसला. मग दुसरी फाइल आली, अक्षरं लख्ख उमटली, आणि दादा ‘युनियन’ नव्हे, अक्षरांचं ‘युनिकोड’ म्हणाला होता हे त्याच्या लक्षात आलं.

जोडणी सुरू झाली. निम्म्यावर येऊन प्रोग्रॅम थांबला आणि त्याने विचारलं : ‘हाक हा रकाना ओळखु आला नाही. त्यातील मजकूर खालील रकान्यात ठेवु का?’

खाली कुठला रकाना दाखवलाय, ते मुद्रितशोधकाने पाहिलंच नाही. ओळखु! ठेवु! दोन्ही ठिकाणी उकार ऱ्हस्व! त्याच्या कपाळाची शीर उडायला लागली. असल्या अडाण्यांच्या हाती माणसांचे वंश द्यायचे की काय? त्या तिरीमिरीत त्याने ‘सर्वांसाठी हो’ दाबलं आणि कंपनीला खरमरीत पत्र लिहायला बसला. पत्र झाल्यावर त्याने पडद्यावरची वंशावळ वरपासून खालपर्यंत तपासली. पडद्यावर नाव आणि जन्मसाल एवढंच दिसत होतं. एक वेलांटी चुकलेली नव्हती. त्याने फाइल छपाईच्या दुकानात पाठवून दिली.

दुकानदाराने कागदाची गुंडाळी दोन्ही हातांनी पुढे केली. "काका, धीर धरा," तो खालच्या आवाजात म्हणाला. "आपल्या हातात काय असतं?" कष्टाची कदर करणारी माणसं अजून शिल्लक आहेत, असं वाटून मुद्रितशोधकाला भरून आलं.

रविवारी दादा आधीच येऊन खिडकीशी बसला होता, पाठ फिरवून. टेबलावर कागद पसरला, कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या. ताईने भिंग घेतलं आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"धाकटे मामा. मृत्यूचे कारण, उशीर." ती थांबली. "मावशी. मृत्यूचे कारण, तोफ." मावशीने सकाळीच फोन करून ताईचे कान किटवले होते. मग भिंग स्वतःच्या नावावर आलं. "मृत्यूचे कारण, ताई." तिने वर पाहिलं. "मी गेले का रे? आणि तेही माझ्याच हातून?"

मुद्रितशोधकाला आता कुठे उलगडा झाला. दादाने ‘हाक’ या रकान्यात प्रत्येकाला घरात काय म्हणतात ते लिहिलं होतं. उशिरा येणारे मामा, मोठ्या आवाजाची मावशी. ते सगळं मृत्यूच्या कारणात जाऊन बसलं होतं. आणि कारण आहे म्हणजे माणूस गेलाच, असं धरून प्रोग्रॅमने छापताना अशा प्रत्येक नावाला काळी चौकट दिली होती. दादा आता उठून जाणार आणि कायमचा जाणार, एवढंच त्याला दिसत होतं. तो कागद गुंडाळायला धावला, पण ताईचं बोट शेवटच्या ओळीवर पोचलं होतं.

"हा तू. मृत्यूचे कारण, शेपूट."

लहानपणी तो सतत दादाच्या मागेमागे असायचा, म्हणून दादाने पाडलेलं नाव. दादाशिवाय ते कुणी कधी वापरलं नव्हतं. आणि दादाने ही वंशावळ केली होती ती अबोल्याच्या वर्षांतच. मुद्रितशोधकाला समोरची अक्षरं दिसेनाशी झाली.

खिडकीशी खुर्ची सरकली. "तुझ्याकडे माझी हाक काय लिहिलीयस?" दादाने विचारलं. ताईला नाही, त्याला.

"दादा, माझ्या प्रोग्रॅममध्ये तो रकानाच नाही."

दादाने त्या काळ्या चौकटींवर एक नजर टाकली.

"मग माझा घे. उद्या घरी ये, घालून देतो," तो म्हणाला, आणि खुर्ची टेबलाशी ओढून बसला. "त्यात मृत्यूच्या कारणाचा रकाना नाही, शेपट्या. तुझी जरा गैरसोय होईल."