टेकडीवरचं गाऱ्हाणं

मुलांना जंगल दाखवायचं काम बापाचं असतं, तिसऱ्या मजल्याचं नसतं, एवढंच माझं म्हणणं होतं.

आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर सौरभ राहतो. वय तीस, लग्न नाही, गुडघे शाबूत. दर महिन्याला बिल्डिंगमधली पोरं घेऊन कुठल्यातरी डोंगरावर जातो आणि जेवढी नेतो तेवढी परत आणतो (हे मला जास्त खटकतं). शनिवारी रात्री जेवताना आमची आठ वर्षांची गार्गी आणि पाच वर्षांचा बाळा यांनी जाहीर केलं, की पुढच्या रविवारी ते सौरभकाकाबरोबर जाणार.

"का? बाबाबरोबर नाही जायचं?" मी विचारलं.

"कुठे? सोफ्यावर?" गार्गी म्हणाली.

हे लागलं मला. चांगलंच लागलं. "आपण मूळचे कणकवलीकडचे," मी म्हणालो. "जंगल रक्तात आहे आपल्या! उद्या सकाळी मी नेतो तुम्हाला. मग ठरवा, पुढच्या रविवारी कोणाबरोबर जायचं ते."

(रक्तात असेल, पायात नाही. माझा जन्म भांडुपचा. गावी जायचो ते मे महिन्यात, फणसाखाली खाट टाकून झोपायला.)

"हर्षद," माझी बायको चेतना म्हणाली, "परवा बाथरूममध्ये पाल निघाली तर तू अंघोळ न करता ऑफिसला गेलास."

"पाल वेगळी, जंगल वेगळं."

सकाळी सातला आम्ही रिक्षाने कॉलनीमागच्या टेकडीच्या पायथ्याशी उतरलो. पिशवीत चपातीचे रोल, पाणी, कपडे वाळत घालायची दोरी (ट्रेकला दोरी लागते असं ऐकून होतो) आणि एक नारळ. नारळ महत्त्वाचा. आमचे वडील, राजाराम तावडे, सांगायचे की परक्या रानात पाय ठेवताना तिथल्या राखणदाराला नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं. नाहीतर रान तुम्हाला आपलं म्हणत नाही. सौरभला हे कुठून माहीत असणार? त्याच्याकडे नुसते बूट आहेत.

दहा मिनिटं चढलो आणि मला दम लागला.

"बाबा, जंगल कधी येणार?" बाळाने विचारलं.

"हेच जंगल."

"इथून तर आपली रिक्षा दिसते."

मी उत्तर देणार तेवढ्यात मला तो दिसला. वाटेच्या कडेला, हेदूच्या झाडाखाली, गुडघ्याएवढा उभा दगड. अंगभर केशरी शेंदूर. हात लावून पाहिला तर शेंदूर ओला! म्हणजे रोज पहाटे कोणीतरी तेल-शेंदूर लावतं. म्हणजे देव जागृत. चप्पल काढली, पोरांना काढायला लावली, नारळ ठेवला आणि वडिलांच्या आवाजात सुरू झालो.

"बा देवा राखणदारा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" पोरं ओरडली. हे त्यांना गणपतीत पाठ झालेलं.

"आज माजी लेकरा तुज्या रानात इली हत रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"तेंका सांभाळून घे, वाघराक वायच लांब ठेव, आणि काय चुकला माकला आसात ता पोटात घाल रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" या वेळी आवाज पोरांपेक्षा मोठा आला. वळून बघतो तर मागे मॉर्निंग वॉकवाल्यांचा एक ग्रुप, सगळ्यांचे बूट काढलेले.

पुढे एक ठसठशीत बाई होत्या, विमलाकाकू. "अहो, दहा वर्षं येते मी इथे, हा देव कधी दिसला नाही. कोणता हो?"

इथे खरं तर मी "गावची पद्धत आहे, काकू" म्हणून सटकायला हवं होतं. पण गार्गी माझ्याकडे बघत होती. ज्या नजरेने ती सौरभकडे बघते ना, अगदी त्याच.

"राखणदार," मी म्हणालो. "फार कडक आहे."

झालं! वाट लागली. विमलाकाकूंना गुडघ्यासाठी गाऱ्हाणं हवं होतं. एका काकांना मुलाच्या व्हिसासाठी. एका मुलीला तिसऱ्यांदा दिलेल्या सीएच्या परीक्षेसाठी. मी डोकं टेकून दाखवलं, मग सगळ्यांनी टेकलं. गार्गी रांग लावायला लागली. "एकेक जण या! गुरुजी दमतील!" बाळा नुसता "होय म्हाराजा" ओरडून घोगरा झाला होता. पाऊण तास मी इन्शुरन्स कंपनीतल्या हेडक्लार्कचा देवस्थानाचा मानकरी होऊन उभा होतो, वैतागलो होतो, पाय जळत होते, माकडांनी मागच्या मागे चपातीचे रोल नेले होते. पण खरं सांगू? पोरांसमोर माझी मान ताठ होती.

तेवढ्यात वरून दोन माणसं उतरली. पुढच्याच्या हातात डबा आणि ब्रश. नाव चंद्रप्रकाश, हे त्याच्या जॅकेटवर लिहिलेलं.

"अरे अरे, क्या कर रहे हो!" तो ओरडला. "हात मत लगाओ, पेंट गीला है! सकाळीच मारलाय!"

"कसला पेंट?" विमलाकाकूंनी विचारलं.

"ऑइल पेंट. पाइपलाइनचा मार्क आहे हा. चौदा नंबर. पंधरा-सोळा वर आहेत, त्यांना पण नारळ फोडणार काय?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. बावीस कपाळं, बावीस केशरी पट्टे.

"गुरुजी!" विमलाकाकूंचा आवाज पार पायथ्यापर्यंत गेला असेल. "संध्याकाळी भाचीचा साखरपुडा आहे माझ्या!"

व्हिसावाले काका काठी घेऊन पुढे सरकले. मी बाळाला खांद्यावर टाकलं, गार्गीचा हात धरला आणि चप्पल तिथेच सोडून उतरत सुटलो. पोरं हसून हसून हिंदकळत होती. "बाबा, पळ! बाबा, काकू आल्या!" तीन मिनिटांत खाली. चढायला दहा लागली होती.

घरी चेतना तासभर माझं कपाळ रॉकेलच्या बोळ्याने घासत होती. हसू दाबताना तिचे खांदे हलत होते. कपाळाची सालं निघाली, पट्टा तसाच. माझ्या डोक्यात मात्र एकच गोष्ट होती. शेवटी विचारलंच. "गार्गी, मग? पुढच्या रविवारी कोणाबरोबर?"

गार्गीने विचार केला. "थांब," म्हणाली आणि बाळाला घेऊन तिसऱ्या मजल्यावर पळाली. सौरभला 'नाही' म्हणून सांगायला गेली, नक्की! पोरांना बाप तो बाप असतो.

दहा मिनिटांनी दोघं एक कागद घेऊन आली.

"बाबा, तुझं पण नाव दिलं," गार्गी म्हणाली. "सौरभकाका म्हणाला, मोठ्यांच्या बॅचमध्ये तुला नाही झेपणार. पाच ते आठ वर्षांच्या बॅचमध्ये एक जागा आहे. फक्त पालकांची सही लागेल."

चेतनाने रॉकेलचा बोळा खाली ठेवला, हात पुसले आणि 'पालक' लिहिलं होतं तिथे सही केली. खाली 'विशेष सूचना' असा एक रकाना होता. तो गार्गीने शाळेतल्या गोल अक्षरात आधीच भरला होता.

'वाटेत दगड दिसल्यास याचा हात धरावा.'