फौजदाराचा आडोसा

फौजदार जेवत नव्हता. आज सहावा दिवस.

फौजदार म्हणजे मासा. बोटभर लांब, काळपट, आणि तोंडाच्या दोन्ही बाजूंना अशा काही मिशा, की मुलाने त्याला घरी आणल्या दिवशीच हे नाव ठेवले. आठ महिन्यांपूर्वी मुलगा शिकायला बाहेरगावी गेला आणि जाताना काचेची टाकी, आत फौजदार आणि अर्धा डबा दाणे आईच्या हवाली करून गेला. तेव्हापासून दर रविवारी त्याचा फोन येई. पहिला प्रश्न असे, "फौजदार कसाय?" आई कशी आहे हा प्रश्न पाचवा किंवा सहावा, तोही वेळ उरला तर. बाईंना याचे वाईट वाटे. पण त्या व्यवहारी होत्या. फौजदार आहे म्हणून फोन येतो, तेव्हा फौजदार टिकलाच पाहिजे, एवढे साधे गणित त्यांनी मांडले होते. आणि आता तर येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी मुलगा स्वतः येणार होता.

उपोषणाला कारण बाईच झाल्या होत्या. त्या पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षे पाणी तपासत होत्या, आणि पाण्यात पाण्याखेरीज काही दिसले की त्यांचे हात शिवशिवत. मुलगा येणार म्हणून त्यांनी टाकी धुवायला काढली. शेवाळ गेले, गाळ गेला, कुजकी पाने गेली, तळाशी पडलेली फुटकी कुंडीही गेली. टाकी परीक्षानळीसारखी लख्ख झाली. फौजदार एका कोपऱ्यात फिल्टरच्या नळीला चिकटून बसला तो बसलाच.

माशांच्या दुकानदाराने सगळे ऐकून घेतले.

"टाकीत आता काय काय आहे?"

"पाणी."

"आणि?"

"स्वच्छ पाणी."

दुकानदाराने कपाळाला हात लावला. "बाई, तुम्हाला चारी बाजूंनी काचेच्या खोलीत बसवलं आणि म्हटलं, जेवा, तर घास उतरेल का? हा मिशीवाला लाजाळू असतो. त्याला आडोसा लागतो. एखादं पोकळ लाकूड टाका आत."

त्याच्याकडे लाकडे होती. बाईंनी एक उचलून उजेडात धरले.

"हे कुठल्या झाडाचं?"

"चांगल्या झाडाचं."

"पाण्यात काय सोडतं?"

"थोडा रंग सोडतं, चहासारखा. माशाला काही होत नाही त्यानं."

"थोडा म्हणजे किती? किती दिवस?"

"बाई," दुकानदार म्हणाला, "तुम्ही लाकूड घ्यायला आलाय की जावई बघायला?"

बाईंनी लाकूड परत ठेवले. "मी माझं आणीन."

"आणा की. पण वाळलेलं, कडक बघा. नख रुतलं तर सडकं समजा. चीक असलेलं नको. साल काढा, उकळा, मग पाणी बदलत भिजत ठेवा, रंग सुटायचा थांबेपर्यंत. महिना धरून चाला."

"माझ्याकडे बारा दिवस आहेत," असे म्हणून बाई निघाल्या.

दर मंगळवारी बाई खात्याच्या जीपने नदीवर नमुना घ्यायला जात. त्या दिवशी मंगळवारच होता; त्यांनी बाटली दोन मिनिटांत भरली आणि पुढचा तासभर काठाने नखे रोवत फिरल्या. शेवटी खडकांच्या बेचक्यात अडकलेले एक मूळ सापडले. उन्हाने पांढरे पडलेले, दगडासारखे कडक, मधून आरपार पोकळ, दोन्ही टोकांना मूठ जाईल एवढी भोके. बाईंनी पदर खोचला, पिशवीतून टेप काढली आणि मोजले. टाकीपेक्षा चार बोटे कमी भरले.

"सरपण का, मॅडम?" ड्रायव्हरने विचारले.

"नमुना," बाई म्हणाल्या आणि मूळ जीपमध्ये चढवले.

घरी नवरा दारातच आडवा आला. "हे कुठं ठेवायचं?"

"न्हाणीत. तीन दिवस."

"आणि आंघोळ?"

"त्याची झाली की तुमची."

बुधवारी उरलीसुरली साल निघाली. गुरुवारी पोकळीतून मुंग्यांचे एक भरले कुटुंब बाहेर पडले आणि नवऱ्याच्या टॉवेलवर राहायला गेले. शुक्रवारी सकाळी नवरा बेसिनपाशी बराच वेळ उभा होता.

"माझा ब्रश दिसत नाही."

"जुना झाला होता."

"परवाच काढला होता मी."

"काल संध्याकाळपर्यंत झाला जुना," न्हाणीतून उत्तर आले. पाठोपाठ खसाखसा आवाज.

शनिवारी उकळणे. घरातल्या सगळ्यात मोठ्या पातेल्यात लाकूड उभे राहिले, पण निम्मे बाहेर. मग चार तास हे टोक, चार तास ते टोक. चारदा पाणी बदलले, चारही वेळा चहा. दुपारी सिलिंडर संपला, तेव्हा नवऱ्याने आनंदाने हुश्श केले. बाईंनी शेजारून सिलिंडर आणला. त्या दिवशी घरात स्वयंपाक झाला नाही. नवरा बाहेरून काहीतरी बांधून घेऊन आला आणि दोघांनी वाफेत बसून खाल्ले. इकडे फौजदाराचा दहावा दिवस उजाडला होता, आणि त्याच्या मिशाही आता खाली आल्यासारख्या बाईंना वाटत होत्या.

रविवारी फोन आला. "फौजदार कसाय?"

"आहे," बाई म्हणाल्या. खोटे नव्हते. पण फोन ठेवल्यावर त्या गच्चीवर गेल्या आणि इमारतीच्या पाण्याच्या टाकीकडे बघत उभ्या राहिल्या.

बादलीत भिजवले तर महिना. पण या टाकीत दहा हजार लिटर पाणी. रोज वापरले जाणार, रोज नवे येणार. म्हणजे पाणी बदलायचे काम पूर्ण इमारत करणार, तेही न सांगता. बाईंनी कागदावर हिशेब केला. उकळून उकळून उरलेला एवढासा रंग दहा हजार लिटरमध्ये डोळ्यांना दिसणारसुद्धा नाही. अपाय शून्य. दुसऱ्या कोणी असा उद्योग केला असता तर त्याला बाईंनी उभा जाळला असता. पण स्वतःच्या आकडेमोडीवर माणसाचा फार विश्वास असतो.

लाकूड तरंगत होते म्हणून त्याला नवऱ्याचा प्लास्टिकचे आवरण असलेला डंबेल बांधला. विकत आणल्यापासून तो पहिल्यांदाच कामाला लागत होता.

"कुणाला कळलं तर?" नवऱ्याने शिडी धरत विचारले.

"कळेल कसं? हिशेब केलाय मी."

हिशेब चोख होता. फक्त तो भरलेल्या टाकीचा होता. सोमवार-मंगळवार दुरुस्तीसाठी पाणीपुरवठा बंद राहील, अशी सूचना खात्याच्या फलकावर आठ दिवस झळकत होती. बाई तिच्याखालून रोज चार वेळा जात होत्या. पण फलकावरची सूचना लोकांसाठी असते, खात्यातला कोण वाचतो! मंगळवारी सकाळी टाकीत हातभर पाणी उरले, आणि त्या हातभर पाण्यात नदीकाठचे अख्खे मूळ निवांत मुरत पडले.

सकाळी सातला दुसऱ्या मजल्यावरच्या नर्सबाईंचे पांढरे गणवेश धुण्यातून बदामी होऊन बाहेर आले. साडेसातला तळमजल्यावरच्या न्हाव्याने गिऱ्हाइकाच्या डोक्यावर पाणी ओतले आणि गिऱ्हाईक ओरडत उठले. आठला इमारतीचे सेक्रेटरी हातात बाटली घेऊन जिन्यात उभे होते. सेक्रेटरी सैन्यातून निवृत्त झालेले. सैन्याने त्यांना सोडले होते, त्यांनी सैन्याला सोडले नव्हते.

"कुणी पाणी पिऊ नका! घातपाताची शक्यता नाकारता येत नाही. मी खात्याकडे चाललोय."

बाई डबा घेऊन खाली उतरत होत्या. सांगावे, असे ओठांवर आले होते. पण सांगितले की लाकूड कचऱ्यात, आणि मुलगा पाच दिवसांवर. "बघतो आम्ही," असे पुटपुटून त्या खात्यात गेल्या.

पाठोपाठ बाटलीही आली. साहेबांनी ती स्वतः आणून बाईंच्या टेबलावर ठेवली.

"तुमचीच इमारत दिसतेय, मॅडम. बरं झालं, तुम्ही मनापासून तपासाल. उद्या चारपर्यंत अहवाल द्या."

बाईंनी मनापासून तपासले. जंतू नाहीत. धातू नाहीत. क्लोरिन बरोबर. दोष एकच, रंग. बुधवारी दुपारी साहेब पुन्हा डोकावले.

"रंग ना? लिहून टाका, दुरुस्तीमुळे जलवाहिनीतला गाळ आला. आपण नेहमी तेच लिहितो."

ही पळवाट सोपी होती. पण दुरुस्ती करणारे फिटर बाईंना ओळखत होते. भर उन्हात दोन दिवस खड्ड्यात उभे राहून त्यांनी काम केले होते, आणि आता त्यांच्या माथी हा चहा मारायचा! शिवाय पाणी आले की टाकी धुवायला माणसे चढणार, आणि त्यांच्या हाती लाकूड लागले की संपलेच. बाईंनी पेन उचलले आणि रकाने भरले.

रंग : मर्यादेपेक्षा जास्त. कारण : गच्चीवरील टाकीत ठेवलेले लाकूड. आरोग्यास धोका : नाही. जबाबदार व्यक्ती : खाली सही करणारी. उपाय : टाकी धुवावी. लाकूड न मोडता मालकिणीस परत द्यावे.

साहेबांनी अहवाल दोनदा वाचला, चष्मा काढला आणि तिसऱ्यांदा वाचला. "उपायातलं शेवटचं वाक्य नियमात बसतं का हो?"

"नियमात 'वस्तुस्थितीनुसार उपाय सुचवावा' असं आहे, साहेब."

संध्याकाळी जिन्यात सेक्रेटरींनी तो अहवाल मोठ्याने वाचायला घेतला. 'जबाबदार व्यक्ती' इथपर्यंत आवाज चढत गेला आणि सहीपाशी येऊन बसला.

"मॅडम! मी समोरच्या इमारतीवर संशय घेतला! दोन दिवस पाळत ठेवली!"

"चुकलं माझं. हिशेब बरोबर होता, पाणी कमी पडलं. नर्सबाई, तुमचे गणवेश मी पांढरे करून देते, कसे करायचे ते मला माहितीये. आणि टाकी आम्ही धुतो."

"आम्ही?" नवरा म्हणाला.

"लाकूड मात्र जप्त होईल," सेक्रेटरी म्हणाले.

बाई दोन पायऱ्या वर चढल्या, म्हणजे सेक्रेटरींच्या उंचीला आल्या. "लाकूड मिळणार नाही. पाहिजे तर वर्षभर टाकी मी धुते. रविवारी माझा मुलगा येतोय, आणि त्याचा मासा अकरा... नाही, चौदा दिवस उपाशी आहे."

सेक्रेटरींनी अहवालाची घडी घातली. त्यांची मुलगी परदेशात होती आणि तिचे मांजर त्यांच्याकडे होते, हे सगळ्या इमारतीला ठाऊक होते.

"सहा महिने धुवा," ते म्हणाले. "उद्या सकाळी सहाला सुरुवात. शिडी मी धरतो."

गुरुवारी नवरा खराटा घेऊन टाकीत उतरला. आतून बराच वेळ घुमत घुमत त्याचे संसाराविषयीचे विचार ऐकू येत होते. लाकूड बाहेर आले तेव्हा काळेभोर झाले होते. स्वच्छ पाण्याच्या टबात टाकले, तर डंबेलशिवाय तळाला गेले. दिवसभर ठेवले, पाणी तसेच राहिले. संध्याकाळी बाईंनी ते दोन्ही हातांनी, तान्ह्या बाळासारखे, काचेच्या टाकीत उतरवले.

फौजदार नळीपासून सुटला. त्याने लाकडाला एक फेरी मारली, मिशीने चाचपले, आणि सरळ पोकळीत शिरला. बाईंच्या डोळ्यांत पाणी आले.

त्यानंतर तो कुणालाच दिसला नाही.

गुरुवारी नाही, शुक्रवारी नाही, शनिवारीही नाही. टाकलेले दाणे सकाळी नसत, पण ते फौजदाराने खाल्ले की फिल्टरने, हे सांगता येईना. नवऱ्याने बॅटरी लावून पाहिले. उजेड या भोकातून शिरून त्या भोकातून बाहेर पडला, मधल्या खोबणीत काय होते ते कळले नाही.

रविवारी अकरा वाजता मुलगा आला. पाठीवर मळक्या कपड्यांची बॅग, कानाला फोन. "हो रे, पाचला येतो. आई, लाकूड भारी आहे गं! फौजदार कुठंय?"

"आत."

"दिसत नाही."

"आहे."

"तुला कसं माहीत?"

बाईंनी ड्रॉवरमधून कागद काढला. तीन दिवसांचे सकाळ-संध्याकाळचे आकडे. "हे बघ. मेला असता तर पाण्यात अमोनिया वाढला असता. वाढलेला नाही. म्हणजे जिवंत आहे."

मुलाने कागद पाहिला. मग आईकडे पाहिले आणि पोट धरून हसला. "अगं, पळून गेला असता तरी हेच आकडे आले असते!"

हे बाईंच्या लक्षात आले नव्हते. त्यांचा चेहरा इतका उतरला, की मुलाचे हसू थांबले. त्याने लाकूड उचलायला बाही वर केली.

"हात लावायचा नाही! आत्ता कुठं घर मिळालंय त्याला."

"मग?"

"बसून बघायचं. कधीतरी येईलच बाहेर."

दोघे टाकीसमोर जमिनीवर बसले. पहिला अर्धा तास मुलगा फोनमध्ये होता. मग लाकूड कसे आणले ते त्याने विचारले. ब्रशचा किस्सा झाला, जिन्यातला झाला, टाकीतल्या भाषणाची नक्कल बापाने स्वतः येऊन करून दाखवली. मग मुलगा आपले सांगू लागला. मेसचे जेवण, एक विषय जड जातोय, खोलीतला सोबती झोपेत बोलतो, पहिले दोन महिने फार एकटे वाटायचे, फोनवर सांगितले नाही. बाई ऐकत होत्या. पाचला फोन वाजला. "उद्या भेटू रे," मुलगा म्हणाला. "घरी काम आहे."

सव्वापाचच्या सुमाराला डावीकडच्या भोकातून एक मिशी बाहेर आली. मग दुसरी. मग फौजदाराचे अख्खे तोंड, चांगले गुबगुबीत झालेले. बाईंनी तीन सेकंद त्याच्याकडे पाहिले आणि श्वास सोडला. फौजदार परत आत गेला.

"दिसलं का गं काही?" मुलाने विचारले.

"अंहं," बाई म्हणाल्या आणि त्याच्याकडे जरा सरकून बसल्या. "तू उजवीकडचं भोक बघ. डावीकडचं मी बघते."