शंभराव्या वातीपर्यंत

“आत्या, या माळेला कुणाचा हात लागू देऊ नकोस. एक मणी इकडचा तिकडे झाला तरी सगळा घोटाळा!”

आनंदराव स्टँडवर गाडीची वेळ विचारायला गेला, तरी सगुणाबाईंच्या कानात हेच घुमत होतं. भाचा पुण्याच्या प्रयोगशाळेत विषमज्वराच्या जंतूंवर काम करी. आज दुपारी वेल्ह्यात डॉक्टरांपुढे त्याचं पहिलंच भाषण. त्यासाठी त्यानं जंतूचं गुणसूत्र ओवून आणलं होतं : सात हात लांब, टोकाला टोक जोडलेली माळ. एकेक मणी म्हणजे एकेक जनुक; तांबडे मणी ताप आणणारे. जंतूचं अंग म्हणून सुपारीची डबी होती, पण माळ काही तिच्यात मावली नव्हती.

सगुणाबाई वाती वळत होत्या. रोज शंभर, आणि शंभरावी होईस्तोवर मौन. अकरा वर्षांत नेम मोडला नव्हता.

तेवढ्यात शेजारची ठकुबाई आली. “अगं बया, केवढी ही माळ! कुठल्या देवाची?”

सगुणाबाईंनी जोरजोरात मान हलवली.

“देवाची न्हाई? मंग ऱ्हाऊ दे की माज्या गळ्यात!”

सगुणाबाईंनी झडप घालून माळ धरली.

“आवो, वढता कशापायी? म्या काय पळवती व्हय?”

तट्‌कन दोरा तुटला. मणी पार जात्याखाली गेले.

ठकुबाई ओशाळली आणि लगेच ओवायलाही बसली. “असं इखुरल्यावानी कोन ओवतं? तांबडं समदं एका जागी घेते. बगा, कसं उठून दिसतंय!” म्हणत तिनं टोकाला टोक गाठलं.

दारात आनंदरावाच्या चपला वाजल्या. माळ दिसू नये म्हणून सगुणाबाईंनी तिला वातीसारखा पीळ दिला. पीळ चढता चढता माळेचे आपसूक फासे पडले, आणि ती मुकाट डबीत बसली. त्यांनी झाकण लावलं.

“चल आत्या, गाडी लागलीय!”

सगुणाबाईंनी कळवळून डबीकडे बोट दाखवलं.

“हो हो, विसरत नाही,” म्हणत त्यानं ती खिशात टाकली; माळ आत्याच्या पिशवीत असेल, असं तो धरून चालला.

लिहून सांगावं, तर तेही हातानं बोलणंच. आता एकच उपाय : वाती संपवणं. गाडीत त्या गुडघ्यावर भराभरा वाती वळू लागल्या. एकाहत्तर, बाहत्तर...

“मावशी, देव काय पळून चाललाय व्हय?” मागून कुणीतरी हसलं.

कापूरहोळला गाडीनं असा गचका दिला की नऊ वाती खिडकीबाहेर! पुन्हा चौसष्टपासून. वेल्ह्याच्या सभेत त्या बसल्या तेव्हा अठ्ठ्याण्णव झाल्या होत्या, आणि समोर आनंदराव डबी उघडत होता. आतला तांबडा झुबका बघून त्याचा चेहरा उतरला.

‘देवा, पोराची अब्रू राख. उद्या सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत मौन पाळीन.’

एवढ्यात एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी विचारलं, “अहो, जंतू एवढासा आणि माळ त्याच्या शेकडो पट लांब. मावते कशी?”

“आनंदा, म्या बिघडवलंय रे ते!” शंभरावी वात हातात धरून सगुणाबाई ओरडल्या.

सगळी सभा वळली. आनंदरावानं गडबडून माळेला हिसका दिला. एकच फासा सुटून बाहेर आला, बाकीचा पीळ जागच्या जागी. तो त्याकडे बघतच राहिला.

“अशी मावते,” तो सावकाश म्हणाला. “पिळून, फासे घालून. आणि जिथला पीळ सैल, तिथली जनुकं कामाला लागत असावीत, असा आमचा तर्क आहे. क्रम मात्र पार चुकलाय. असला जंतू जगात शोधून सापडायचा नाही!”

सभा हसली. डॉक्टरांनी पुढं येऊन डबी उलटसुलट पाहिली. “पीळ कुणी घातला?”

“आमच्या आत्यानं.”

“मग उद्या भोंगवली गावच्या बायकांना आत्याबाईच सांगतील. लेक्चर त्यांचंच!”

“सांगेल की!” आनंदरावानं परस्पर कबूल करून टाकलं. सगुणाबाईंनी तोंड उघडलं. पण टाळ्यांत कोण ऐकतो!

सकाळी ऊन ओटीवर आलं. आनंदराव उत्साहानं डबी पुसत होता. “आत्या, सुरुवात कशी करणार?”

सगुणाबाईंनी सूर्याला हात जोडले. कापसाची पिशवी काखेला मारली, ओठ घट्ट मिटले, आणि त्याच्या पुढं होऊन स्टँडची वाट धरली.