ऐंशीच्या वर एक टक्का नाही

इलेक्ट्रिक गाडी सांभाळावी तर मी, असं माझं ठाम मत आहे! बॅटरी जपायची तर ती वीस टक्क्यांच्या खाली उतरू द्यायची नाही आणि ऐंशीच्या वर चढू द्यायची नाही. अख्खी अमरावती हसली तरी मी हा नियम मोडत नाही.

माझ्या मेव्हण्यासाठी, नागसेनसाठी, अकोल्यात मुलगी पाहायची होती. आधीची स्थळं हुकलेली, त्यामुळे हे जमलंच पाहिजे असा सासूबाईंचा ध्यास. माझ्या गाडीनं जायचं ठरलं, म्हणून मी आदल्या दिवशीच हिवरखेडला सासुरवाडीत पोचलो. गाडी ऐंशीला आली, वायर काढली, झोपलो.

सकाळी पाहतो तर शंभर! सासूबाईंनी पहाटे उठून वायर परत लावली होती.

"जवाईबापू, आमच्या घरून कोणी अर्धपोटी जात नाई," त्या म्हणाल्या. "मंग गाडीनं काय पाप केलं?"

माझं डोकंच फिरलं. काठोकाठ भरलेली बॅटरी उन्हात उभी करायची म्हणजे तिच्या जिवाशी खेळ! बायको आणि सासूबाई अजून तयार होत होत्या. नागसेन मात्र इस्त्रीचा शर्ट घालून गाडीत बसलाच होता. त्याच्यासकट मी गाडी काढली, काचा उघड्या ठेवून एसी फुल्ल सोडला आणि गावाला चकरा मारू लागलो. ऐंशीवर आणल्याशिवाय थांबणार नव्हतो.

पानठेल्यावरच्या मंडळींनी हे पाहिलं. नवरदेव नटलेला, तोंड पाडून बसलेला, आणि गाडी काही अकोल्याची वाट धरत नाही! पोराला मुलगी पसंत नाही, जावई त्याला फिरवून समजावतोय, असा त्यांनी निकाल लावला. त्यांतल्या एकानं तो मुलीच्या वडिलांना, वामनरावांना, फोन करून कळवलाही.

आम्ही उशिरा पोचलो, तर वामनराव हाताची घडी घालून दारातच उभे. पोराला पसंत नाही तर आलात कशाला, म्हणाले. नागसेन रडवेला झाला. मी कशाला मागे हटतो? तिथंच उभं राहून बॅटरीचं सगळं शास्त्र समजावून सांगितलं.

तेवढ्यात मुलगी, दीक्षा, स्वतःच बाहेर आली.

"पण भाऊ, अकोल्याले येता येता ते वीस टक्के उतरलेच असते न?"

हा मुद्दा माझ्या वाचनात आला नव्हता. नागसेन मोठ्यानं हसला, तीही हसली. वामनरावांची घडी मात्र सुटेना. त्यांनी सासूबाईंना बाजूला घेतलं.

"हे जवाई तुमच्याच घरी राह्यतात काय?"

"नाई जी, अमरावतीले राह्यतात."

"मंग आमाले पसंत आहे."

लग्न जमलं. बॅटरीचं आयुष्य त्या दिवशी किती वाढलं, हे मात्र अजून कोणी विचारलेलं नाही.