मूळ मालकाचा होकार

जुनी गाडी बघायला जाताना माणसं बरोबर मेकॅनिक नेतात. आमचे सोनटक्के काका पेढे न्यायचे. पेढे गाडी विकणाऱ्यासाठी नसायचे. ज्याच्या दारातून बँकेच्या लोकांनी ती गाडी ओढून नेली, त्या जुन्या मालकासाठी असायचे. त्याच्या हातावर पेढा ठेवून काका विचारायचे, "घेऊ का मी तुमची गाडी?"

आता अशा माणसाचं काय करायचं, तुम्हीच सांगा.

काका मोशीला आमच्या समोरच्या दारात राहतात. मूळचे उदगीरकडचे. चाकणच्या एका कंपनीत प्रेस मशीनवर उमेदीची सगळी वर्षं घालवली आणि रिटायर झाले. मूलबाळ नाही, काका आणि शांताकाकू दोघंच. काकूंचे गुडघे पार गेलेले. रिक्षात पाय उचलून ठेवणं जमत नाही, मग काकांच्या स्कूटरचं नावच नको. दवाखाना सोडला तर त्या जिना उतरतच नव्हत्या. त्यांची इच्छा एकच होती आणि ती त्या दारात येईल त्याला सांगायच्या, अगदी गॅस सिलिंडरवाल्यालासुद्धा. "एवढी वर्सं ह्यांचा डबा भरला. ती कंपनी कशी हाय, एकदा डोळ्यानं बघायचीय."

मी म्हटलं, भाड्याची गाडी बोलवतो, सकाळी जाऊन दुपारच्या जेवणाला परत येऊ. काका खवळले. "भाड्याच्या गाडीत? अन् गेटवरल्या लोकांनी बघितलं म्हंजे? न्हाई. सोताच्या गाडीत नेणार."

काकांना गाडी चालवता येत नव्हती, पण हा मुद्दा त्यांना किरकोळ वाटायचा. "तू हाईस की," म्हणायचे.

तेव्हा लिलावाचं अॅप मी त्यांच्या फोनवर टाकून दिलं. हप्ते थकले म्हणून ओढून आणलेल्या गाड्या चाकण रस्त्याला एका यार्डात रांगेनं उभ्या असतात. आधी जाऊन बघायच्या आणि ठरल्या दिवशी फोनवर बोली लावायची. सरळ व्यवहार आहे. पण काकांनी हात घातला की सरळ काही राहतच नाही.

यार्डात बाकीची गिऱ्हाइकं बॉनेट उघडून वाकलेली असायची आणि काका पुढच्या काचेला नाक लावून उभे. काचेवर पार्किंगचं स्टिकर असतं ना, सोसायटीचं नाव आणि फ्लॅटचा नंबर लिहिलेलं? काका तेवढंच वाचायचे. वाटेत तोंडातल्या तोंडात घोकायचे आणि दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन त्या पत्त्यावर हजर व्हायचे. बरोबर मी होतोच.

"काका, गाडी आता बँकेची आहे. त्या माणसाला विचारायचा संबंध काय?"

"कागदावर बँकेची. होकार त्याचा पायजे."

पहिल्यांदा मारुंजीला गेलो. हिंजवडीतली नोकरी गेलेला एक पोरगा होता. त्यानं दार फटीएवढं उघडलं. समोर इस्त्रीच्या शर्टातले काका, त्यांच्या मागे हेल्मेट घातलेला मी. "गाडी नेलीत ना? आता अजून काय न्यायचंय?" म्हणाला आणि दार लावून घेतलं. काका बंद दाराला म्हणाले, "बरं बरं, पुन्हा येतो." त्यासरशी आतून आणखी एक कडी लागल्याचा आवाज आला. खाली येईपर्यंत मी हसत होतो. काका हसले नाहीत. "लेकरू पार वाळलंय रे," एवढंच म्हणाले. गाडी झकास होती, पांढरी शुभ्र, फार न चाललेली. बोलीच्या दिवशी काकांनी फोन उशीखाली घातला आणि भाजी आणायला निघून गेले.

मग चिखली. तिथल्या बाईंनी आत बोलावलं, पाणी दिलं, पेढाही घेतला. "न्या हो काका, आम्हाला आता काय करायचीय," असं म्हणाल्या आणि पेढा हातात धरून रडायलाच लागल्या. जिना उतरताना मी म्हटलं, हो तर म्हणाल्या ना? काकांनी मान हलवली. "तोंडानं म्हणली. तसलं हो नको मला."

असं किती वेळा झालं. फोनवर बोलीची वेळ संपत आलेली असायची, माझं बोट बटणावर, आणि काका म्हणायचे, "ऱ्हाऊ दे." एकदा मात्र माझं डोकंच फिरलं. "काकूंना कंपनी दाखवायचीय की गावाची समजूत काढायचीय?"

आतल्या खोलीतून काकूंचाच आवाज आला. "वरडू नको रे त्यांच्यावर. मी कुठं पळून चाललेय? पर जरा लवकर बघा म्हणावं. डावा पाय आता ऐकंना झालाय."

 काकांना कळत नव्हतं असं नाही. ते पाय रोज संध्याकाळी तेल लावून तेच चोळत होते.

होकार शेवटी तळवड्यात मिळाला. फॅब्रिकेशनचं वर्कशॉप बंद पडलेला गावातलाच गडी होता. पेढे बघून तोही आधी बावचळला. मग त्यानं विचारलं, "कुनाला बसवनार गाडीत?" काकांनी काकूंचं सगळं सांगितलं. तो आत गेला आणि येऊन काकांच्या हातावर एक किल्ली ठेवली. "ब्यांकवाल्यांनी एकच नेली. ही दुसरी माज्याकडंच व्हती. न्या तुमी, काका. काकींना फुडं बसवा, मागं लई आदळतंय."

बोलीच्या दिवशी काका माझ्या खांद्याला चिकटून बसले होते. "आता दाब," म्हणाले. मी दाबलं आणि राखाडी रंगाची, डाव्या दाराला पोचा आलेली ती गाडी काकांची झाली.

कागदपत्रं झाली आणि एका रविवारी आम्ही काकूंना खुर्चीत बसवून जिन्यानं खाली आणलं. त्या ठेवणीतली साडी नेसल्या होत्या. त्यांना पुढे बसवलं, काका मागे बसले. चाकणच्या रस्त्याला लागलो तशा काकू प्रत्येक मोठ्या गेटापाशी विचारायला लागल्या, "ही का हो?" काका म्हणायचे, "फुडं." मग डावीकडे वळवायचे, उजवीकडे वळवायचे आणि फिरवून त्याच चौकात आणायचे. "अहो, इतकी वर्षं आलात ना इथं? रस्ता विसरलात?" मी म्हटलं. काकांनी अजून एकदा डावीकडे वळवायला लावलं. मग काका म्हणाले, "थांब हितं."

गेटला गंजलेलं कुलूप होतं. कंपनीच्या नावाची पाटी काढून नेलेली, नुसती लोखंडी चौकट उरली होती. आतल्या शेडवर पत्रे नव्हते आणि रस्त्यापर्यंत बाभळी माजल्या होत्या.

काकूंनी खूप वेळ बघितलं. "कधी झालं हे?"

"रिटायर झालो म्हणून घरी आलो न्हवं का, त्या दिवशी."

"मग ती शाल? नारळ?"

"मीच घेतलं बाजारातनं."

कंपनीनं सत्कार केला म्हणून त्या नारळाच्या वड्या काकूंनी सगळ्या मजल्यावर वाटल्या होत्या. मीही खाल्ल्या होत्या.  मी स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर घेतले.

काकू रागावल्या नाहीत. त्यांनी मला काच खाली करायला सांगितली. काका उतरून त्यांच्या खिडकीपाशी येऊन उभे राहिले.

"तुमचं मशीन कुठं होतं?"

"त्या खांबाच्या अलीकडं. दिसतंय का?"

"दिसतंय. आता कुठाय?"

"विकलं. सगळीच मशिनं विकली. असंच, मोबाइलवर बोली लावून." काका गेटाच्या गजांतून आत बघत बोलत होते. "न्यायला क्रेन आलती, त्या दिवशी मी आलतो. हितंच हुबा होतो. मला वाटलं, नेणारा एकदा तरी विचारंल, दादा, नेऊ का म्हणून."

काकूंनी खिडकीतून हात बाहेर काढून त्यांचं मनगट धरलं. "विचारलं का कुणी?"

"न्हाई."

काका अजून गेटाकडेच बघत होते.

"हो म्हणलो असतो की गं मी."