बस लागणाऱ्या मुलीचे आभारप्रदर्शन

मुलांनो, जरा कल्पना करा. तुम्ही शाळेच्या बसमध्ये बसला आहात. वळण आलं आणि सकाळचं दूध घशाशी आलं. शेजारी अख्खा वर्ग बसलेला. भिंगरीचं रोज असंच व्हायचं. तिला बस लागायची.

ड्रायव्हरकाकांनी हे आरशातूनच ओळखलं. तिला आपल्या मागच्या सीटवर बसवून ते हळूच म्हणाले, "लांबच्या झाडाकडे बघत राहा. अगदीच राहवेना, तर माझ्या खांद्याला बोट लाव."

बोट लागलं की काका बस बाजूला घ्यायचे, खाली उतरून टायरला लाथ मारायचे आणि ओरडायचे, "हवा बघतोय रे! ए भिंगरे, तू ये मदतीला!" तेवढ्यात भिंगरी बसच्या आड जाऊन मोकळी व्हायची. वर्गाला वाटे, टायरच नाजूक आहे.

शनिवारी काका शेवटची फेरी मारून निवृत्त होणार होते. भिंगरीला त्यांना थँक्यू म्हणायचं होतं. पण सगळ्यांसमोर म्हणावं, तर गुपित फुटणार. म्हणून तिने वहीचं पान फाडून चिठ्ठी लिहिली.

नेमका त्याच आठवड्यात शाळेने 'हस्तलिखित कृतज्ञता सप्ताह' जाहीर केला. परिपत्रक असं होतं: 'मोबाइलच्या युगात जिव्हाळा आटत चालल्याचे व्यवस्थापनाच्या निदर्शनास आले आहे. सबब प्रत्येक विद्यार्थ्याने एक आभारपत्र उत्स्फूर्तपणे लिहून त्याचा फोटो अपलोड करावा व मूळ प्रत कार्यालयात जमा करावी. उत्स्फूर्ततेचा नमुना सोबत जोडला आहे.'

नमुन्यात एक शब्द मुद्दाम खोडलेला होता. खाडाखोड असली की मजकूर मनापासूनचा वाटतो, असं समितीचं मत पडलं होतं. सगळ्या वर्गाने तोच शब्द खोडला. काहींनी तर आधी प्रिंट काढली आणि मग खोडला.

भिंगरीची चिठ्ठी आईला दप्तरात सापडली. "अगं बाई, किती गोड!" आईने लगेच फोटो काढून पाठवूनही दिला.

"आई, ती काकांची आहे!"

"पोचेल गं त्यांना. आधी सगळ्यांना तर पोचू दे!"

मूळ प्रत कार्यालयात जमा झाली आणि चिठ्ठीचा पहिला नंबर आला. शाळेने ती दाराएवढी मोठी छापून सभागृहात टांगली. अगदी मागच्या रांगेतूनही वाचता येई: 'काका, मला बस लागते हे तुम्ही कुणालाच सांगितलं नाही. थँक्यू.' पाहुण्यांनी डोळे पुसले आणि पुसता पुसता चिठ्ठीसोबत स्वतःचे फोटोही काढले. काका त्या वेळी बाहेर पाहुण्यांच्या गाड्या नीट लावून देत होते. त्यांना आत बोलावण्याचं कलम परिपत्रकात नव्हतं.

"बाई, माझी चिठ्ठी द्या ना. काकांना द्यायचीय," भिंगरी रडवेली झाली.

"बाळ, ती आता प्रदर्शनातली वस्तू आहे," मुख्याध्यापिकाबाई मायेने म्हणाल्या. "म्हणून तर याला आभारप्रदर्शन म्हणतात. आभारपोच असा शब्द ऐकलायस कधी?"

शनिवारी बसमध्ये वर्गाने तिचं स्वागत केलं, "लागली का गं, लागली का?" भिंगरी मान खाली घालून काकांपाशी गेली.

"काका, मी नाही सांगितलं कुणाला."

"मीपण नाही," काका म्हणाले.

बाहेर पालक फोन वर धरून उभे होते. शेवटची फेरी होती ना. भिंगरीने दप्तरातून पेन काढलं, काकांचा तळहात ओढून घेतला आणि त्यावर काहीतरी लिहिलं. काकांनी वाचलं. त्यांचा चेहरा एकदम पोरासारखा झाला.

"काका, हात इकडे करा! फक्त एक फोटो!" खिडक्यांवर टकटक सुरू झाली.

काय लिहिलं होतं? बघा, तुमचीही मान पुढे आलीच.

भिंगरीने तुमच्याकडे एकदा पाहिलं आणि दोन्ही हातांनी काकांची मूठ मिटवली.